हात थरथरतात ते लपवायला जाऊ नका

प्रश्न : मी ४१ वर्षांची. एका मोठ्या कंपनीच्या हिशेब विभागात १६ वर्षं काम करतेय. टेबलाशी आलेल्या कुणालाही काहीही समजावून सांगते, पण उभं राहून चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की बोबडी वळते. नववीत शाळेच्या कार्यक्रमात पाठ केलेलं भाषण तिसऱ्या वाक्यानंतर विसरले. सगळे हसले. खाली येऊन बसले आणि त्याच क्षणी पुढचं वाक्य आठवलं. ते आजही पाठ आहे! तेव्हापासून मी बोलण्याचा प्रत्येक प्रसंग टाळत आले. बैठकीत मागच्या रांगेत बसते, माझ्या कामाचं सादरीकरण सहकाऱ्याला करायला लावते. आता आमचे साहेब निवृत्त झालेत आणि प्रवासखर्चाच्या बिलांची नवी पद्धत ९० जणांना १२ मिनिटांत समजावून सांगायचं काम माझ्यावर आलंय. तीन आठवडे आहेत आणि आतापासूनच झोप उडालीय. आवाज कापेल, हात थरथरतील, कान लाल होतील आणि ते सगळ्यांना दिसेल. एक मैत्रीण म्हणते, समोर दगडधोंडे बसलेत असं समज. दुसरीने धडधड कमी करणारी तिची गोळी देऊ केलीय. आजारी असल्याचं सांगू का? की सरळ कागदावरून वाचून दाखवू?
— मागच्या रांगेतली

मागच्या रांगेतल्या ताई,

दगडधोंड्यांपासूनच सुरुवात करते. हा सल्ला लहानपणी मलाही मिळाला होता, आणि तो किती उलटा आहे हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

१९९३ साली जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठातल्या संशोधकांनी, प्रयोगशाळेत माणसाला हमखास ताण कसा आणायचा, याची एक पद्धत बसवली. ताणात शरीरातलं कॉर्टिसॉल हे हार्मोन किती वाढतं हे मोजायचं, तर आधी ताण यायला हवा ना. त्यासाठी त्यांनी काय निवडलं, तर भाषण. थोडा वेळ तयारीला द्यायचा, मग अनोळखी परीक्षकांसमोर उभं करून पाच मिनिटं बोलायला लावायचं आणि वर तोंडी वजाबाक्या करायला सांगायच्या. (वजाबाक्या तुम्हाला सोप्या गेल्या असत्या म्हणा.) ही पद्धत आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाते. खरी गोम आहे ती परीक्षकांमध्ये. त्यांना बजावलेलं असतं की हसायचं नाही, मान डोलवायची नाही, चेहरा कोरा ठेवायचा. म्हणजे माणूस जास्तीत जास्त घाबरावा म्हणून शास्त्रज्ञ मुद्दाम समोर दगड बसवतात, आणि तुमची मैत्रीण तेच दगड तुम्हाला स्वतःहून बसवून घ्यायला सांगतेय.

तेव्हा दगड नकोत, माणसं हवीत. त्यांचं काय करायचं ते पुढे सांगते. त्याआधी एवढं लक्षात घ्या की ताण आणायचा खात्रीचा उपाय म्हणून ज्याची निवड झाली, ते करताना तुमचे हात थरथरतात, यात तुमचा काही वेगळा दोष नाही. ‘सभाधीटपणा’ हा शब्द आपण डोळ्यांच्या रंगासारखा वापरतो, काहींना जन्मतः मिळालेला, काहींना नाही. मला ते पटत नाही. तो पोहण्यासारखा आहे. पाण्यात न उतरता २७ वर्षं काठावर काढली तर कुणालाही पाणी खोलच वाटणार.

आता आजारपणाचं. सांगू नका. नैतिकतेचा प्रश्न बाजूला ठेवा, मी तुम्हाला खोटं बोलू नका असा उपदेश करत नाहीये. टाळल्यावर जे हायसं वाटतं ना, ‘सुटले बाई एकदाची’, तेच भीतीला खतपाणी घालतं. बोलणं हुकलं आणि बरं वाटलं, याचा अर्थ मेंदू असा लावतो की धोका खरा होता आणि पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो धोक्याची घंटा आणखी लवकर वाजवतो. तुमच्या पत्रात हे स्पष्ट दिसतं. नववीत फक्त स्टेजची भीती होती, आता बैठकीत मागच्या रांगेत बसण्यापर्यंत मजल गेलीय. नववीतल्या त्या तीन वाक्यांनी तुमचं जेवढं बिघडवलं, त्याहून जास्त नंतरच्या सगळ्या सुटकांनी बिघडवलं, असं मला वाटतं.

पण तुमच्या पत्रातलं मला सर्वात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य वेगळंच आहे : ‘ते सगळ्यांना दिसेल.’ हात थरथरण्याची तुम्हाला भीती नाही, ते दिसण्याची आहे. आणि ते दिसू नये म्हणून बोलणारा माणूस काय काय करतो बघा. कागद घट्ट धरतो, मग कागदच फडफडायला लागतो. लवकर संपावं म्हणून भरभर बोलतो, मग दम लागतो आणि आवाज खरंच कापतो. शब्द चुकू नये म्हणून सगळं घोकतो, मग एक शब्द निसटला की पुढची माळच सुटते. कुणाच्या डोळ्यांत बघावं लागू नये म्हणून मागच्या भिंतीकडे बघतो, मग श्रोत्यांना वाटतं हा आपल्याशी बोलतच नाहीये. भीतीने होतं त्याहून जास्त नुकसान ती लपवण्याच्या खटाटोपाने होतं. म्हणून तीन आठवड्यांत भीती घालवायच्या मागे लागू नका. ती जायची नाही. लपवणं तेवढं सोडून द्या.

‘पण लोकांना दिसेलच ना?’ जेवढं तुम्हाला वाटतं तेवढं नाही. सावित्स्की आणि गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली याचे प्रयोग प्रसिद्ध केले. भाषण करणाऱ्याला आपली घालमेल जितकी उघडी पडतेय असं वाटतं, तितकी ती बघणाऱ्यांना दिसत नाही, असं त्यांना आढळलं. आतली धडधड आपल्या कानात ढोल वाजल्यासारखी ऐकू येते, म्हणून ती बाहेरही ऐकू जात असेल असं आपण धरून चालतो. मला जास्त आवडला तो त्यांचा दुसरा भाग. काही जणांना भाषणाआधी नुसता धीर दिला, ‘घाबरणं साहजिक आहे, काळजी करू नका’ वगैरे. काही जणांना ही दिसण्या-न दिसण्याची गोष्ट समजावून सांगितली. ज्यांना ती सांगितली, त्यांची भाषणं त्यांच्या स्वतःच्या आणि ऐकणाऱ्यांच्याही मते जास्त चांगली झाली. नुसत्या धीराचा तेवढा उपयोग झाला नाही. म्हणूनच मी तुम्हाला ‘काही होत नाही गं’ असं म्हणून पाठीवर हात ठेवत नाहीये.

माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवू नका, फोनवर स्वतःचा व्हिडिओ घ्या. पण एक अट आहे. बघण्यापूर्वी कागदावर लिहून काढा, आपल्याला काय काय दिसेल असं वाटतंय : हात किती थरथरताना दिसतील, कान किती लाल असतील, आवाज कुठे कापेल. मग व्हिडिओ परक्या बाईचा असल्यासारखा बघा आणि यादीशी ताळा करा. हिशेब विभागातल्या माणसाला ताळमेळ शिकवायची गरज नाही. स्वतःचा आवाज ऐकून ‘ई, ही मी?’ असं वाटेल. ते सगळ्यांनाच वाटतं. आपला आवाज आपण एरवी कवटीच्या हाडांतूनही ऐकत असतो, त्यामुळे रेकॉर्डिंगमधला आवाज आपल्याला पातळ वाटतो. त्याला यादीत धरू नका.

शरीराबद्दल थोडं. घाबरल्यावर अॅड्रिनॅलिन हे हार्मोन रक्तात आलं की हृदय जोरात चालतं, हातांची कातडी गार पडते, स्नायू कापतात, लाळ कमी होऊन घशाला कोरड पडते. पळायच्या तयारीतल्या शरीराचं हे काम आहे, आणि पळायचं नसल्यामुळे ती सगळी तयारी हाताच्या बोटांत येऊन बसते. हे सर्वात जास्त असतं ते नाव पुकारलं जाण्याच्या आसपास आणि पहिल्या मिनिटात. त्यानंतर बहुतेकांचं आपोआप उतरायला लागतं. म्हणजे तुम्हाला १२ मिनिटं निभावायची नाहीत, खरी चढण एक-दोन मिनिटांची आहे. नाव पुकारण्याआधी श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या. चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते. लोक मोठमोठे श्वास भसाभस ओढतात, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्करल्यासारखं होतं आणि बोटांना मुंग्या येतात. मग वाटतं आता पडतेच.

मैत्रिणीची गोळी तिला परत करा. तिने नाव सांगितलं नसलं, तरी या कामासाठी बहुधा प्रोप्रॅनोलॉल वापरतात. त्याने धडधड आणि थरथर कमी होते हे खरं आहे, अनेक वादकही ती घेतात. पण दमा असलेल्याला ती धोक्याची ठरू शकते, रक्तदाब किंवा नाडी मुळात कमी असेल तर त्रास होतो, आणि इतर काही औषधांबरोबर चालत नाही. घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि पहिल्यांदा भाषणाच्या दिवशी तर मुळीच नाही.

वाचून दाखवू का, असं विचारलंय. वाचणं म्हणजे काही पाप नाही. आकडे, तारखा, नियमाचे नेमके शब्द जरूर वाचा. पण सगळं वाचलंत तर मान खाली जाते, आवाज सपाट होतो, आणि ९० लोकांना वाटतं की हा कागद मेलवर पाठवला असता तर बरं झालं असतं. दुसरं टोक म्हणजे पाठांतर, ते तर तुम्ही नववीत करून पाहिलंच आहे. त्याबाबत तुम्हाला चांगली सोबत आहे. १९०४ साली ब्रिटिश संसदेत विन्स्टन चर्चिल पाठ केलेलं भाषण करत होते. तेव्हा ते २९ वर्षांचे होते. भाषण रंगात आलेलं असताना मधेच धागा तुटला, पुढचं आठवेना, आणि शेवटी सभागृहाचे आभार मानून ते खाली बसले. चर्चिल! त्यानंतर त्यांनी भाषणं सोडली नाहीत, फक्त स्मरणावर विसंबणं सोडलं. टिपणं जवळ ठेवायला लागले.

तुमचं ते विसरलेलं वाक्य खाली बसल्याबसल्या आठवलं, यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. ते कुठेही गेलं नव्हतं. ताण वाढला की साठवलेलं शाबूत राहतं, पण ते वर काढणं अवघड होतं. दार अडकतं, खोली रिकामी होत नाही. आणि पाठांतराला आत जायला एकच दार असतं, आधीच्या वाक्याचं शेवटचं टोक. म्हणून पाच-सहा दारं ठेवा. जाड कार्डावर (कागदावर नाही, कागद थरथर दुप्पट करून दाखवतो) मोठ्या अक्षरांत पाच-सहा मुद्दे, प्रत्येकी दोन-तीन शब्दांचे. पाठ करायची ती फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक. मधलं दर वेळी वेगळ्या शब्दांत मोठ्याने बोलून बघा, उभं राहून. मनातल्या मनात केलेला सराव हा सराव नव्हे, तो चिंता करण्याचाच सभ्य प्रकार आहे.

बोलताना पाटी कोरी झालीच, तर गप्प बसा. खरंच. कार्डाकडे बघा, पाणी प्या, शेवटचं वाक्य पुन्हा म्हणा. तुम्हाला ते चार सेकंद युगासारखे वाटतील, ऐकणाऱ्यांना वाटेल बाई विचार करून बोलतात. जे करू नये ते म्हणजे ‘सॉरी हं, मला बोलायची सवय नाही, खूप घाबरलेय’ असं सुरुवातीलाच जाहीर करणं. लपवू नका म्हणजे दवंडी पिटा असं नाही. तुम्ही सांगितलंत की लोक बिलं विसरून तुमचे हात बघायला लागतात, आणि तो दोष त्यांचा नसतो.

आता दगडांऐवजी माणसं. तुम्ही लिहिलंय, टेबलाशी आलेल्या कुणालाही समजावून सांगता. हेच बिलांचं तर तुम्ही रोज सांगत असणार. त्या वेळी तुमचं लक्ष स्वतःच्या कानांच्या रंगाकडे नसतं, समोरच्याला कळतंय की नाही याकडे असतं. स्टेजवर गेलं की नेमकं हेच उलटतं. सगळे डोळे आपल्यावर आहेत असं वाटतं आणि आपणही त्यांच्याबरोबर आपल्यालाच बघत बसतो. खरं सांगू? ते ९० जण तुम्हाला बघायला येत नाहीयेत. त्यांना फक्त कळायला हवंय की आपलं बिल कुठे अडकतं आणि यापुढे अडकू नये म्हणून काय करायचं. तेव्हा तयारी करताना ‘मी काय बोलू’ असं विचारू नका. गेल्या वर्षभरात कुठली बिलं परत पाठवावी लागली आणि का, ते काढा. तीन-चार कारणांतच सगळं येईल. तेच तुमचं भाषण. नव्या पद्धतीची कलमं एकामागून एक सांगत बसाल तर जाणकार वक्तासुद्धा लोकांना झोपवेल.

आणि सुरुवात प्रश्नाने करा. नमनालाच घडाभर तेल नको. उभं राहा, दोन सेकंद थांबा आणि विचारा : ‘गेल्या वर्षी कितीजणांचं बिल एकदा तरी परत आलं? हात वर करा.’ बघा काय होतं ते. लोक तुमच्याकडे बघायचं सोडून एकमेकांच्या हातांकडे बघतात, कुणीतरी हसतं, आणि तुमचं ते सर्वात अवघड पहिलं मिनिट त्यांच्यात वाटलं जातं. शिवाय समोरचे कोरे चेहरे हलतात. कोऱ्या चेहऱ्यांना फसू नका, बरं का. लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा बहुतेकदा थोडा आंबटच असतो. टीव्ही बघताना तुमचा कसा असतो, ते घरच्यांना विचारा. तरी खात्रीसाठी तुमच्या बाजूच्या दोघांना खोलीच्या दोन बाजूंना बसवा आणि मान डोलवायचं काम द्या. बोलताना एका माणसाकडे बघत एक वाक्य पुरं करा, मग दुसऱ्याकडे.

बारीकसारीक गोष्टी, ज्या कुणी सांगत नाही. लेझर पॉइंटर हातात घेऊ नका. बोटाची केसाएवढी थरथर तो पडद्यावर वीतभर मोठी करून दाखवतो. पाणी काठोकाठ भरलेल्या पेल्यात नको, बाटलीत ठेवा. आदल्या दिवशी त्याच खोलीत जाऊन, माईक सुरू करून, चार वाक्यं बोला. माईक हातात असेल तर हनुवटीच्या जरा खाली, तोंडापासून मूठभर अंतरावर, आणि त्याची जाळी मुठीत धरू नका. मी आयुष्यात पहिल्यांदा माईकवर बोलले तेव्हा तो बंद होता. दोन मिनिटं मी आपली तल्लीन होऊन बोलत होते आणि पुढच्या रांगेने सभ्यपणाने ऐकू येत असल्याचं नाटक केलं. मागून कुणीतरी ओरडलं तेव्हा कळलं. सगळे हसले, मीही हसले, बटण दाबलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. गंमत म्हणजे दुसऱ्यांदा जास्त चांगलं झालं. १२ मिनिटं मिळाली असली तरी घरी दहात बसेल एवढंच ठेवा. आणि प्रश्नोत्तरांत एखादं उत्तर येत नसेल तर ‘बघून उद्या कळवते’ म्हणा, आणि खरंच कळवा. तुमच्या खात्यात या वाक्याला फार मान मिळेल.

तीन आठवड्यांचं गणित साधं आहे. पहिल्या आठवड्यात घरातल्या एका माणसासमोर, बसून नव्हे, उभं राहून. दुसऱ्या आठवड्यात विभागातल्या तीन-चार जणांसमोर, दोनदा तरी. त्यांच्याकडून ‘छान झालं’ हे ऐकून घेऊ नका, ‘कुठे कळलं नाही’ ते विचारा. तिसऱ्या आठवड्यात त्याच खोलीत, जितके मिळतील तितक्यांसमोर. प्रत्येक वेळी घाबरायला होईल. होऊ द्या, आणि मधे सोडून देऊ नका. भीती चढून आपोआप उतरते हे शरीराला अनुभवाने कळावं लागतं, माझं पत्र वाचून ते कळणार नाही.

एक मात्र गंभीरपणे. सराव सुरू करूनही झोप परत आली नाही, नुसत्या विचाराने श्वास अडकायला लागला, किंवा या भीतीपायी बढती नाकारावी असं मनात आलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. फक्त लोकांसमोर बोलण्यापुरती असलेली इतकी तीव्र भीती ही त्यांच्या ओळखीची गोष्ट आहे. विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणाऱ्या उपचारांचा तिच्यावर चांगला उपयोग होतो. २७ वर्षं एकटीने ओढलंत, आणखी ओढायची गरज नाही.

आणि सुरुवात भाषणाच्या दिवशी करायची नाहीये. तुमची पुढची बैठक कधी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण जेव्हा असेल तेव्हा मधल्या रांगेत बसा आणि पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न विचारा, कुठलाही, ‘हे कधीपर्यंत हवंय?’ एवढा साधासुद्धा चालेल. पहिल्या दहा मिनिटांत म्हणतेय, कारण नंतर धडधड वाढत जाते आणि मग प्रश्न घरी घेऊन यावा लागतो.